बदली तासावरचा नवरा

पंपवाले कामावरून घरी पोचले, तेव्हा घरात नवरा आधीच आलेला होता.

तो त्यांच्या खुर्चीत बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पायांत पंपवाल्यांच्याच सपाता होत्या, आणि समोरच्या दोन परदेशी पाहुण्यांना तो घरात वारा कुठल्या खिडकीतून येतो आणि कुठल्या खिडकीतून जातो हे समजावून सांगत होता. पंपवाले दारातच थबकले. बूट चिखलाने भरलेले, बाहीवर ग्रीस, आणि मुख्य पाइप फुटल्यावर पंपिंग स्टेशनवरचा माणूस जितका भिजतो तितके ते भिजलेले. दार आपलंच आहे ना, हे त्यांनी पाटीकडे बघून एकदा पक्कं केलं. पाटी त्यांचीच होती.

"या भावजी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आधी हातपाय धुऊन घ्या."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना 'अहो' म्हटलं होतं, रागावल्यावर 'ऐकलंत का' म्हटलं होतं, आणि फारच रागावल्यावर काहीही म्हटलं नव्हतं. भावजी म्हणण्यापर्यंत वेळ कधी आली नव्हती. आपल्या हातून असं काय घडलं असावं, याचा विचार करत ते न्हाणीघरात गेले. मागोमाग टॉवेल घेऊन बायको आली.

"पाहुणे तासभर आधी आले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आणि तुमचा पत्ता नाही."

"पाइप फुटला."

"तो फुटणारच. पहिल्या दिवशी अख्ख्या कुटुंबाने स्वागत करायचं, असं शाळेने बजावलंय. त्यांनी विचारलं, तुमचे मिस्टर कुठे आहेत? वरचे काका समोरच बसले होते."

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. हात आपोआप तिकडे गेला."

यावर पंपवाले पुष्कळ बोलू शकले असते. पण तो हात कसा गेला असेल, हे त्यांना बोलायच्या आधीच कळलं होतं. बायको शाळेत गणित शिकवायची, पण शाळा तिला ओळखायची ती वेळापत्रकबाई म्हणून. एखादा शिक्षक आला नाही की त्याच्या वर्गावर दुसऱ्या मोकळ्या शिक्षकाला धाडायचं, याला बदली तास म्हणतात, आणि बदली तास लावणं हे तिचं काम. तिच्या कारकिर्दीत एकही वर्ग रिकामा राहिला नव्हता. चित्रकलेचे सर आजारी पडले तर संगीताच्या बाई जायच्या, संगीताच्या बाईंचा घसा बसला तर ग्रंथपाल जायचे, आणि एकदा तर शाळेची तपासणी करायला आलेले अधिकारी व्हरांड्यात मोकळे उभे दिसले, तेव्हा तिने त्यांनाही सातवीवर पाठवून दिलं होतं. ते गेलेही होते. विषय कुठलाही असो, वर्गासमोर एक माणूस उभा पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. त्या संध्याकाळी तिला एक रिकामी जागा दिसली आणि एक मोकळा माणूस दिसला. बाकीचं सवयीने झालं.

मोकळा माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. बँकेत आयुष्यभर चेकवरच्या सह्या पडताळून ते निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून सगळ्या इमारतीला विनामूल्य सल्ला देत होते. परदेशी पाहुणे येणार असं कळल्यापासून ते दिवसातून दोनदा खाली यायचे. परदेशी माणसाची पाठ लांब असते, त्यामुळे खुर्च्या बदला. परदेशी माणसाला भिंतीवर फार फोटो आवडत नाहीत, निम्मे उतरवा. त्यांना टेबलावर फुलं लागतात, पण वासाची नकोत. आपण स्वतः कधी परदेशात गेलो नाही, ही गोष्ट काका आड येऊ देत नसत. त्या दिवशी ते पाठीच्या सोयीसाठी पंपवाल्यांची खुर्ची बसून बघायला आले होते.

"आता बाहेर जाऊन सांग, की नवरा मी आहे," पंपवाले म्हणाले.

"आत्ता? तास अर्ध्यावर आलाय. उशिरा आलेल्या माणसाला मध्येच वर्गात घुसता येत नाही."

"तास संपतो कधी?"

"दोन आठवड्यांनी. त्यांचा मुक्काम शाळेच्या पाहुणेखोलीत आहे, संध्याकाळी फक्त जेवायला इथे येतील." मग तिने टॉवेलची घडी घातली, ती मोडली, आणि परत घातली. "जाताना ते आमच्यातल्या एका शिक्षकाला निवडणार आहेत. एक सत्र त्यांच्या शाळेत शिकवायला. अशा वेळी आमच्या घरातून काही घोळ झाला असं व्हायला नको."

"तुला जायचंय का?"

"मला कुठे वेळ आहे?" असं म्हणून ती निघून गेली. पंपवाल्यांनी ते उत्तर आहे तसं घेतलं. घरातली उत्तरं आहे तशी घेण्याचीच त्यांची पद्धत होती. त्यांना एवढंच कळलं, की दोन आठवडे आपण आपल्या घरात स्वतःचे धाकटे भाऊ आहोत, आणि मुद्दा आपल्या जागेचा आहे.

पाहुण्यांत एक उंच बाई होत्या आणि एक दाढीवाले सर होते. उंच बाई गणिताच्या, दाढीवाले सर शास्त्राचे. बोलणं व्हायचं ते दोन्ही बाजूंना सारखीच मोडकीतोडकी येणाऱ्या एका तिसऱ्या भाषेत, त्यामुळे कुणीच कुणाला हसू शकत नव्हतं. उंच बाईंना सगळं समजून घ्यायची हौस होती. सर मात्र कमी बोलायचे, पण दुसरं कुणी बोलायला लागलं की इतक्या एकाग्रतेने तोंडाकडे बघायचे, की बोलणाऱ्याला आपण काही फार महत्त्वाचं सांगतोय असं वाटू लागायचं.

पहिली अडचण आईंची आली. पंपवाल्यांच्या आई फेरफटका मारून परत आल्या, तेव्हा उंच बाईंनी उठून विचारलं, "या आपल्या मातोश्री का?" प्रश्न काकांना होता. काका "हो" म्हणाले. काकांचं डोकं पूर्ण पांढरं होतं. आईंचे केस अजून निम्मे काळे होते. आईंनी काकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्या सुनेकडे वळल्या.

"हे कधी झालं?" त्यांनी विचारलं. "बाळंतपण माझं, आणि मलाच पत्ता नाही."

उंच बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या, आणि वजाबाकी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. पण त्या जितक्या गणिताच्या होत्या तितक्याच सभ्यही होत्या. वजाबाकी त्यांनी मनातच पुसून टाकली.

आई दुसऱ्या दिवशी बोलणार नाहीत, जेवायला येणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण रात्रभरात त्यांनी या नव्या नात्याचा नीट विचार केला असावा. काकांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकत होतं, आणि काकांचा रेडिओ पहाटेपासून सुरू असायचा. शेजारी म्हणून त्यांना काही बोलायची सोय नव्हती. आता होती.

"हे बघ," त्या भर जेवणात काकांना म्हणाल्या, "कुंड्यांना उद्यापासून एका तांब्याच्या वर पाणी घालायचं नाही. कळलं?"

काकांनी पाहुण्यांकडे पाहिलं. "हो आई."

"आणि सकाळी रेडिओ नको."

"बातम्यांपुरता, आई..."

"बातम्या ऐकून तू काय करणार आहेस? आणि पानात टाकू नकोस काही. काकडी खा."

काकांनी काकडी खाल्ली. इतका वयस्कर मुलगा आईचा शब्द खाली पडू देत नाही, हे बघून उंच बाईंचे डोळे पाणावले. आमच्याकडे हे आता राहिलं नाही, असं त्या म्हणाल्या.

काकांना परत न्यायला काकू येतील, अशी पंपवाल्यांना अंधुक आशा होती. त्यांनी मुद्दाम वर जाऊन विषय काढला. काकू पाय पसरून मालिका बघत होत्या.

"राहू द्या की तिकडेच," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एक भाग सलग बघतेय, मध्ये कुणी सल्ला न देता. जेवून झालं की वर पाठवा म्हणजे झालं. गोळ्या इथे आहेत."

मुलीची वेगळीच तऱ्हा. ती शेवटच्या वर्षाला होती, चाचणी जवळ आली होती, आणि बापाला काका आणि काकांना बाबा म्हणण्यासाठी आपल्याकडे वेळ नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. पण ती आईच्या पोटची होती. तिसऱ्या संध्याकाळी तिने स्वतःच्या जागी मैत्रिणीला धाडून दिलं. मैत्रीण बोलकी होती, पाहुण्यांशी तिचं छान जमलं. सगळं सुरळीत चाललं असतं. पण मधेच खरी मुलगी पाणी प्यायला खोलीतून बाहेर आली. तिची ओळख करून देणं भाग पडलं. दोन मुली झाल्या. उंच बाईंनी काकांचं अभिनंदन केलं, आणि काकांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

या सगळ्यात वेळापत्रकबाईंचा दिवस कसा जात होता, हे कुणी विचारलं नाही, कारण तो जात होता. सकाळी शाळा, दुपारी पाहुण्यांचे नमुना तास, मग घरी येऊन एका हाताने भाजी परतत दुसऱ्या हाताने चाचणीचे पेपर तपासणं. एका मुलाच्या पेपरावर हळदीचे डाग पडले, म्हणून तिने त्याला नीटनेटकेपणाचा कापलेला गुण परत दिला. तिने काकांना चार वेळा 'अहो' म्हटलं असेल. बायका नवऱ्याला काय म्हणतात, हे उंच बाईंनी विचारून घेतलं होतं, त्यामुळे ते टाळता येत नव्हतं. पहिल्या खेपेला काकांचे कान लाल झाले आणि पंपवाल्यांच्या हातातला चमचा खाली पडला. खुर्ची गेली, सपाता गेल्या, याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. हे लागलं.

काकांनी नवरेपण मनावर घेतलं होतं. जो माणूस पाणी आलं नाही की "पंपवालेसाहेब, जरा बघता का" म्हणत जिना उतरायचा, तो आता "अरे, मीठ आण जरा" म्हणायचा. एका संध्याकाळी त्यांनी पाहुण्यांना शहराचा पाणीपुरवठा समजावून दिला. पाणी मुळात वरून खाली येतंच, ते म्हणाले, पंप वगैरे सगळं यंत्रांचं कौतुक आहे. ज्यांचं सगळं आयुष्य पाणी खालून वर चढवण्यात गेलं, ते पंपवाले समोर बसून भात कालवत राहिले.

"आणि आपले बंधू अविवाहित का?" उंच बाईंनी कळकळीने विचारलं.

"त्याला ते कधी जमलंच नाही," काकांनी उत्तर दिलं.

कार्यालयातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. रोज संध्याकाळी घरी वेळेवर पोचायचं तर पाळी बदलून घ्यायला हवी होती. पंपवाले आपल्या साहेबांकडे गेले आणि घरी परदेशी शिक्षक येतात, असं सांगितलं.

"यजमान कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी बायको."

"बरोबर. मग नवरा घरी हवा."

"नवरा आहे घरी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची काय गरज?"

 साहेबांनी दया येऊन पाळी बदलून दिली. पण प्रश्न तसाच राहिला. मोठी टाकी भरेपर्यंत ते पंपघरात त्या प्रश्नासमोर बसून होते.

दाढीवाल्या सरांनी त्याच सुमारास शाळेत शास्त्राचा जाहीर नमुना तास घेतला. त्यांनी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. सगळ्या वर्गाला आ करायला लावलं, आणि खिशातून छोटा आरसा काढून एकेका मुलाच्या तोंडात डोकावत सगळी बाकं पालथी घातली. मुलं खूश होती. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून भारावून गेल्या, आणि घरी जायच्या आधी त्यांनी 'कृतीतून शिक्षणाचा आदर्श नमुना' असा अहवाल वरच्या कार्यालयाकडे पाठवला. घरी जेवताना सरांनी आईंची कवळी बघायला मागितली. आईंनी ती आढेवेढे न घेता काढून दिली. त्यांच्या कवळीत एवढा रस आजवर घरच्या कुणी घेतला नव्हता.

मग भांडी पुसायची ती संध्याकाळ आली.

धाकटा भाऊ म्हणून भांडी पंपवाल्यांकडे आली होती. ते धूत होते, आणि उंच बाई हौसेने पुसत होत्या. बाहेर काका काहीतरी सांगत होते.

"तुम्हाला एक विचारू का?" उंच बाई म्हणाल्या. "तुमचा भाऊ माणूस कसा आहे?"

पंपवाल्यांनी हातातली ताटली दोनदा धुतली. स्वतःबद्दल असं बाहेरून सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "बरा आहे," ते म्हणाले. "वाईट नाही. कामाचा आहे."

"वहिनींना तो जाऊ देईल का?"

"कुठे?"

"आमच्याकडे. आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यात सगळ्यात जास्त प्रश्न तिने विचारले. वर्गात मुलं किती, खिडकीतून काय दिसतं, शाळेत चालत जाता येतं का. तिने आमच्या गावाचा नकाशासुद्धा बघून ठेवलाय."

नळ चालूच होता. पाणी वाया जातंय, हे पंपवाल्यांच्या लक्षात आलं नाही. असं त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच झालं.

"तिने नवऱ्याला विचारलं का?"

"नाही. आम्ही म्हटलं, तो नको म्हणेल अशी भीती वाटते का? ती म्हणाली, नको म्हणणाऱ्यातला तो नाही. तो 'बघू' म्हणेल. आणि आमच्या घरात ज्याला ज्याला 'बघू' म्हटलं गेलं, ते कधीच झालं नाही."

 पंपवाल्यांना एकेक आठवू लागलं. समुद्राला जायचं, बघू. तिचा पुढचा अभ्यासक्रम, बघू. तिच्या बहिणीकडे दोन दिवस, बघू. त्यांनी एकदाही कशाला आडकाठी केली नव्हती, आणि त्याचा त्यांना मनातून थोडा अभिमान होता. पाहुणे आल्यापासून त्यांच्या बाजूने फक्त एक गोष्ट घडली होती, ती म्हणजे हे वर्णन उंच बाईंच्या मनात काकांच्या नावावर जमा झालं होतं. या अदलाबदलीत पंपवाल्यांचा झालेला हा एकमेव फायदा. त्याचा त्यांना आनंद झाला नाही.

"तुम्ही बोलाल का भावाशी?" उंच बाईंनी विचारलं. "तुमचं ऐकत असेल तो."

"फारसं नाही," पंपवाले म्हणाले. "पण सांगतो."

त्या दिवसापासून त्यांनी जागेचा हट्ट सोडला. आता घोळ उघडा पडला तर तो बायकोच्या नावावर पडणार होता, आणि तिचं जाणं बारगळणार होतं. ते न सांगता मीठ आणू लागले, काकांच्या पाणीपुरवठ्यावर मान डोलावू लागले. शेवटच्या संध्याकाळी काकांना खोकला झाला आणि आपण आज येत नाही, असा त्यांनी निरोप पाठवला, तेव्हा पंपवाले स्वतः जिना चढून वर गेले.

"काका, असं करू नका," ते म्हणाले. "आज मुख्याध्यापिका येणार आहेत. नवरा नसेल तर कसं चालेल?"

"नेताय का? न्या," काकू आतून म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी पंपवाल्यांना पाहिलेलं नव्हतं. शाळेच्या टाकीवरून दोघांचं फोनवर दोनदा वाजलं होतं, तेवढीच ओळख. "फोनवर तुमचा आवाज फार कडक वाटतो," त्या काकांना म्हणाल्या. "लाइन खराब असते," काका म्हणाले आणि खोकले.

जेवणं उरकली. मुख्याध्यापिकांनी उभं राहून जाहीर केलं, की पाहुण्यांनी एकमताने वेळापत्रकबाईंना निवडलं आहे. टाळ्या झाल्या. बायको जागची हलली नाही. तिने मुलीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मग ओझरतं पंपवाल्यांकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"आता एकच काम राहिलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वरच्या कार्यालयाला नवऱ्याची लेखी संमती लागते, तीही माझ्यासमोर. का लागते ते मला विचारू नका, मी विचारलं होतं." त्यांनी पर्समधून कागद काढून काकांपुढे ठेवला.

काकांनी चष्मा लावला. शाईच्या पेनचं टोपण उघडलं. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि पेन कागदाजवळ नेलं. तिथे ते अडलं. 

"मला हे जमणार नाही," ते म्हणाले.

उंच बाईंनी सरांचा हात धरला. जे होणार असं त्यांना वाटत होतं, तेच झालं होतं.

"तुमचा जाण्याला विरोध आहे?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"विरोध कसला! मी इथे रोज जेवलो, आईंचं सगळं ऐकलं, दोन मुलींचा बाप झालो, त्याचं मला काही वाटलं नाही. पण दुसऱ्याची सही? अहो, असल्या माणसांना काउंटरवर पकडण्यात माझा जन्म गेला."

 पंपवाले उठले, त्यांनी हात शर्टाला पुसले. "द्या इकडे. मी करतो."

"दिराची सही चालत नाही."

"मी दीर नाही. नवरा आहे."

"आणि हे?"

"हे वरच्या मजल्यावरचे."

"हा माझा," आईंनी पंपवाल्यांकडे बोट दाखवलं. "ते दुसरे मला आत्ता झालेत."

"मीपण बदलीवरच आहे," मैत्रिणीने कोपऱ्यातून हात वर केला.

मुख्याध्यापिकांनी कागद मागे ओढला. "बाई," त्या थंडपणे म्हणाल्या, "पाहुण्यांशी दोन आठवडे असं वागलात?"

बायको उभी राहिली. "चूक माझी आहे. त्या दिवशी जागा रिकामी होती आणि मी भरली. घरच्यांना बोल लावू नका."  तिचा आवाज वर्गातल्यासारखा सरळ होता. "माझ्या जागी संगीताच्या बाईंना पाठवा. त्यांचं सत्र तसं हलकं आहे. त्यांचे तास मी लावून देते."

"नाही," पंपवाले म्हणाले. ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की मुख्याध्यापिकांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं; टाकीवरून भांडलेला आवाज त्यांनी ओळखला असावा. "तिच्या जागी कुणी जाणार नाही. ती जाईल. बदली चालणार नाही."

त्यावर काय झालं असतं, सांगता येत नाही, पण उंच बाई खुर्ची सरकवून उठल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "आमचे शास्त्राचे शिक्षक निघायच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पडले. तिकीट काढलेलं होतं. जागा वाया जाऊ नये म्हणून..." त्यांनी दाढीवाल्या सरांकडे बघितलं. "हे शिक्षक नाहीत. हे माझे यजमान. दाताचे डॉक्टर आहेत."

सरांनी मान खाली घातली. शाळेच्या पाहुणेखोल्या दोन टोकांना होत्या, आणि आपल्याच बायकोला ते दोन आठवडे 'बाई, आपण' म्हणत होते. पंपवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पंपवाल्यांकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघांना एकमेकांशी बोलायला विषय मिळाला असं दिसलं.

मुख्याध्यापिका हळूच खाली बसल्या. शास्त्राच्या तासाचा त्यांचा अहवाल वरच्या कार्यालयाने पसंत करून इतर शाळांकडे पाठवला होता, आणि काही शाळांतले वर्ग आ करून बसूही लागले होते. इथला नवरा खोटा धरायचा तर तिथला शिक्षकही खोटा धरावा लागणार होता. आणि मग ती सगळी तोंडं मिटवायला कोण जाणार? त्यांनी बराच वेळ भाजीच्या रिकाम्या भांड्याकडे पाहिलं.

"कागदावर फक्त 'पती' एवढंच लिहिलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "पती हजर आहेत. करा सही."

पंपवाल्यांनी काकांचं पेन घेऊन सही केली. काकांनी मान वाकडी करून ती तपासली. "ओढून काढलेली नाही," ते म्हणाले. "मनापासून केलेली आहे. असं लगेच दिसतं."

मग सगळे एकदम बोलू लागले. उंच बाईंनी पहिल्या दिवशी मनात पुसलेली वजाबाकी पुन्हा मांडायला घेतली, आई काकांना घरी जायची परवानगी देईनात, आणि दाढीवाले डॉक्टर राजरोसपणे मुलीची दाढ बघायला बसले. त्या गोंधळात बायको पंपवाल्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं, मला जायचंय ते?"

"मागच्या आठवड्यात. भांडी धुताना."

"मग माझ्याशी बोलला का नाहीत?"

"नवरा-बायकोच्या मध्ये दिराने कशाला पडायचं?"

 तिने टेबलावरचा कागद उचलला, खिडकीपाशी उजेडात नेला, आणि सहीवर जपून फुंकर घातली. मग पुन्हा एकदा घातली. शाई केव्हाच वाळली होती.